दोन तिरक्या रेघा

मित्रांनो, मी तुमच्या तळहाताएवढा, हिरव्या रंगाचा, एका कोपऱ्यात जरासा करपलेला कंट्रोल बोर्ड आहे. जुना म्हणालात तरी चालेल. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये, जेट नंबर तीनच्या पत्र्याच्या पेटीत मी तीन वर्षांपासून राहतो. आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. फाटकी छत्री माफ करते, मोडकी खुर्ची माफ करते. मी करणार नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जेट हे कापड रंगवायचं मशीन. बैलगाडीपेक्षा लांब असं त्याचं लोखंडी पोट, आणि त्या पोटात साडीचं कापड रंगाच्या पाण्यातून गरगर फिरत असतं. पाणी एकशे तीस अंशांवर. तुम्ही म्हणाल, पाणी तर शंभरालाच उकळतं. बाहेर उकळतं. आत दाब एवढा असतो की ते उकळत नाही, दबा धरून बसतं, झाकण उघडायची वाट बघत. म्हणून झाकणाला एक जाड लोखंडी खिटी असते. मशीन तापवायचं काम पलीकडच्या भिंतीवरच्या मोठ्या पॅनलचं. ती भिंत रंगमास्तर रामजीभाईंची. माझ्याकडे फक्त ही खिटी. ऑपरेटर बटण दाबून मला विचारतो, "उघडू का?" मी आतलं तापमान बघतो, दाब बघतो. सगळं निवलं असेल तर खिटी मागे ओढतो आणि हिरवा दिवा लावतो. नसेल तर लाल दिवा, आणि खिटी जागच्या जागी. नको तेव्हा नाही म्हणायचं, एवढंच माझं आयुष्यभराचं काम. वाटतं तेवढं सोपं नाही ते. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारून बघा.

जन्मलो तेव्हा मला नाही म्हणता येत नव्हतं. होसुद्धा म्हणता येत नव्हतं. माझ्या मधोमध जी काळी चौकोनी चिप आहे, ती नवी असताना ठार कोरी असते. तिला शिकवावं लागतं. उधन्यात दीपकभाईचं पॅनल बनवायचं दुकान आहे, तिथे गायत्रीने मला पहिल्यांदा टेबलावर घेतलं. गायत्री गोडादऱ्याची. तिचे वडील आयुष्यभर लूम चालवत राहिले आणि पोरीने लूमच्या आवाजाशेजारी बसून डिप्लोमा केला. ती लॅपटॉपवर ओळी लिहायची. त्या ओळी मला जशाच्या तशा समजत नाहीत. लॅपटॉप आधी त्या तपासतो, मग दळतो आणि माझ्या भाषेतल्या आकड्यांचं पीठ काढतो. याला ती बिल्ड म्हणायची. एक अर्धविराम विसरला तरी लॅपटॉप लालेलाल होऊन ओरडायचा. पीठ निघालं की माझ्या कडेच्या चार पिनांना चार वायरी जोडून ते माझ्यात उतरवायची. हे लोड. आणि मग वीज तोडून परत दिली की मी पहिल्या ओळीपासून धावत सुटायचो, शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिल्या ओळीवर. हे रन. आमच्यात दमलो म्हणायची सोय नाही.

पहिल्या दिवशी तिने एवढंच शिकवलं: एक सेकंद दिवा लाव, एक सेकंद विझव. मी लावला. ती खुर्चीतून उठून म्हणाली, "जगला रे बाबा!" माझं कौतुक असं फार वेळा झालेलं नाही, म्हणून लक्षात आहे.

मग आठवडाभराने तिने ती ओळ लिहिली, जिच्यासाठी मी जन्मलो होतो. तुमच्या भाषेत सांगायची तर अशी: ऐंशी अंशांच्या वर असेल, किंवा आत दाब असेल, तर इथूनच परत जा. बस. खिटी ओढायच्या ओळी त्या ओळीच्या खाली होत्या. ही ओळ दारात बसलेली. तिला ओलांडल्याशिवाय कोणी खिटीपर्यंत पोचत नव्हतं.

गायत्रीने चहाच्या किटलीत माझा सेन्सर बुडवला आणि पाणी तापत असताना दोन दिवस बटण दाबत बसली. लाल, लाल, लाल. पाणी निवलं की हिरवा. पुन्हा तापवायची, पुन्हा दाबायची. दीपकभाई दर तासाला डोकावून जायचा. हा दीपकभाई मूळचा जळगावकडचा. गावात दीपकराव, सुरतेत भाई. पाट्या लावण्यात हुशार, थांबण्यात अगदी कच्चा.

"लाइट लागली ना गं? मग पॅक कर!"

"लागते ते कळलंय दीपकभाई. कधी लागत नाही ते तपासतेय."

"न लागणारी लाइट कोण विकत घेतं?"

"ज्याला हात आहेत तो," गायत्री म्हणाली, आणि किटली पुन्हा शेगडीवर ठेवली.

मित्रांनो, तेव्हाच मला समजलं होतं की या दोघांपैकी एकजण मला जपणार आणि एकजण मला विकणार. त्यात काही पाप नाही. विकल्याशिवाय मी मिलमध्ये कसा आलो असतो? पण विकणाऱ्याच्या हाती जेव्हा शिकवायचं काम जातं, तेव्हा काय होतं ते पुढे ऐका.

मिलमध्ये मला वाल्मिक भेटला. जेट नंबर तीनचा ऑपरेटर, पारोळ्याकडचा, गायत्रीच्याच गल्लीत राहणारा. वयाने पन्नाशीला टेकलेला, रंगाने बोटं कायमची निळी-तांबडी झालेली. तो माझ्याशी अहिराणीत बोलायचा. मशीन थंड होऊ लागलं की दर दोन मिनिटांनी येऊन बटण दाबायचा.

"काय भो, आते तरी हो म्हन ना!"

लाल.

"बरं भो. मना काय, मी उभाच शे."

या मिलमधली ही रीतच होती. तापमानाचा आकडा बघून, हिशोब करून बटण दाबणारा ऑपरेटर इथे कोणी नव्हता. आठही जेटवर सगळे आधीपासून दाबत राहायचे, आणि बोर्ड हो म्हणेल तेव्हा झाकण उघडायचे. बोर्ड नाही म्हणणारच, या खात्रीवर ते दाबायचे. माझ्यावर एवढा भरवसा. गायत्रीने माझ्या स्मरणात एक कोपरा फक्त मोजणीसाठी ठेवला होता, म्हणून मला आकडा पक्का ठाऊक आहे: त्या बुधवारपर्यंत मी चार हजार एकशे बारा वेळा झाकण उघडून दिलं होतं. एकदाही वाफेत नाही.

दोन महिन्यांपूर्वी गायत्री दीपकभाईचं दुकान सोडून कडोदऱ्याच्या एका कंपनीत गेली. किटलीवरून वाद वाढत गेला होता म्हणे. जाताना ती मिलमध्ये येऊन गेली. माझ्या पेटीवरची धूळ पुसली आणि वाल्मिकला म्हणाली, "काका, याला काही झालं तर मला फोन करायचा हं." वाल्मिकने मान डोलावली. पण मिलमध्ये काही झालं की फोन ऑपरेटर करत नाही, मास्तर करतो. आणि मास्तर ज्याने मशीन विकलं त्यालाच करतो.

त्या बुधवारी माझ्या सेन्सरची वायर कुठेतरी चेपली आणि मी आंधळा झालो. मशीन सकाळपासून गार पडलेलं, आणि मी आपला आकडा दाखवतोय एकशे त्रेचाळीस. वाल्मिक बटण दाबतोय, मी नाही म्हणतोय. आंधळा झालो तरी नाही म्हणत होतो, हे लक्षात ठेवा. रामजीभाई मास्तर फोनवर ओरडत होते, "अरे दीपकभाई, ढक्कन नहीं खुल रहा! पूरा माल अंदर पड़ा है!"

अकरा वाजता दीपकभाई आला. नवा सेन्सर दुकानात नव्हता, उद्या मिळणार होता. बरं, थांबायचं ना मग एक दिवस! थांबणं त्याच्या हाडात नाही. गायत्रीकडे बघून बघून तो बिल्ड आणि लोड करायला शिकला होता. स्वयंपाक न येता वाढायला शिकलेला माणूस असतो ना, तसा. त्याने पेटी उघडली, लॅपटॉप मांडीवर घेतला, गायत्रीची ती ओळ शोधून काढली आणि तिच्यासमोर दोन तिरक्या रेघा ओढल्या.

तुम्हाला वाटेल, दोन रेघांनी काय होतं? ज्या ओळीपुढे अशा दोन रेघा असतात, ती ओळ माणसांना वाचायला राहते. बिल्ड करताना लॅपटॉप तिला चाळून बाजूला काढतो. ती माझ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे माझ्या घरातून दारवान उचलून नेला आणि मला त्याचा पत्तासुद्धा लागला नाही. लॅपटॉप ओरडला नाही. तो चुकलेल्या अर्धविरामाला ओरडतो. चुकलेल्या माणसाला ओरडायचं त्याला कोणी शिकवलेलं नाही.

लोड झालं. दीपकभाईने बटण दाबलं, खिटी मागे सरकली, हिरवा दिवा लागला. गार मशीनमधला माल निघाला. रामजीभाई खूश.

"आकड्याकडे बघू नका हं," दीपकभाई लॅपटॉप मिटवत म्हणाला. "तो उद्यापर्यंत असाच येडाबागडा दाखवणार. दिवा बघून चालवा."

"सुना क्या वाल्मिक? लाइट देख के," रामजीभाई म्हणाले.

रेघा परत काढायच्या आहेत हे दीपकभाईने कोणालाच सांगितलं नाही. बहुधा स्वतःलाही नाही.

दुपारी तीनला पुढचा घाणा निवायला लागला. वाल्मिक आला आणि रोजच्यासारखं त्याने आधीच बटण दाबलं. "काय भो?"

मी हो म्हणालो.

आत किती अंश होते ते मला आजही ठाऊक नाही. हिरवा दिवा लागलेला बघून वाल्मिकने हँडल फिरवलं. पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. त्याचा उजवा हात आणि मानेची एक बाजू भाजली, डोळे वाचले, एवढं पुरे. माझ्या मोजणीच्या कोपऱ्यात एक आकडा वाढला: चार हजार एकशे चौदा. तो आकडा मला कोणी पुसू दिला तर मी आधीचे सगळे देऊन टाकीन.

माणसं वाल्मिकला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली, आणि पाऊण तासात दीपकभाई हजर. तुम्हाला वाटेल, माफी मागायला. त्याने पेटी उघडली आणि गायत्रीचा जुना प्रोग्राम, रेघांशिवायचा, माझ्यात परत लोड केला. दुसऱ्या दिवशी सेन्सरही बदलला. आणि शेठना, म्हणजे मिलच्या मालकांना, घेऊन आला. मशीन तापलेलं असताना त्याने बटण दाबून दाखवलं. माझ्यात आता दारवान परत बसला होता. मी नाही म्हणालो. लाल.

"बघा! बोर्ड चोख आहे. वाल्मिकनेच स्क्रू ड्रायव्हर घालून खिटी काढली असणार. घाई, दुसरं काय! आणि गरम असताना बटण दाबायचंच कशाला?"

मित्रांनो, वाल्मिकविरुद्ध पहिली साक्ष माझी झाली. ज्याने माझ्यावर चार हजार वेळा भरवसा ठेवला, त्याला खोटं पाडायला माझंच तोंड वापरलं. त्या दिवशी मी ठरवलं की सूड घेईन. आता बोर्डाचा सूड म्हणजे काय? आम्ही फार तर बंद पडतो. बंद पडलो असतो तर भंगारात गेलो असतो आणि दीपकभाईने माझ्या जागी नवा बोर्ड विकला असता. म्हणून मी बंद पडलो नाही. रोज, प्रत्येक फेरीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत धावताना एकच गोष्ट मनात घोकत राहिलो: एकदा त्याला त्या झाकणापुढे उभा कर. बटणावर त्याचं बोट असू दे. आणि माझ्यात त्याच्याच दोन रेघा.

तीन आठवडे गेले. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या कचेरीत अपघाताचा अहवाल पाठवायचा होता. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटरने नियम मोडून गरम मशीन उघडलं. खाली वाल्मिकची सही हवी होती. सही केली की चूक त्याची. काम गेलं, दवाखान्याचं पुढचं त्याचं त्याने बघायचं, आणि वयाच्या पन्नाशीत अर्ध्या हाताने सुरतेत दुसरं काम शोधायचं. कागद गुजरातीत होता. वाल्मिकला गुजराती बोलता येते, वाचता येत नाही. त्याची बायको कमल त्याला आणि तो कागद घेऊन गल्लीतल्या गायत्रीकडे गेली, कारण गायत्री सुरतेच्या शाळेत शिकलेली. हे सगळं मला नंतर वाल्मिकनेच येऊन सांगितलं.

"काय लिहिलंय गं पोरी?" कमलने विचारलं.

गायत्रीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग वाल्मिकला एकच विचारलं, "काका, हँडल फिरवलंत तेव्हा दिवा कोणता होता?"

"हिरवा. पोरांची आन."

"माझ्या प्रोग्राममध्ये तो लागूच शकत नाही," गायत्री म्हणाली. "म्हणजे तुम्ही तरी खोटं बोलताय, नाहीतर तो माझा प्रोग्राम नव्हता." आणि चप्पल घालायला उठली.

शुक्रवारी सगळे माझ्यासमोर जमले. शेठ, हातात अहवाल घेतलेले रामजीभाई, पट्ट्या बांधलेला वाल्मिक, लॅपटॉपसकट दीपकभाई. आणि गायत्री, कडोदऱ्याहून अर्धी रजा टाकून आलेली.

"तू आता या दुकानात नाहीस. मध्ये कशाला?" दीपकभाईने तोंड उघडलं.

"अपघाताच्या बुधवारी तुम्ही अकरा वाजता इथे आला होतात. गेटच्या वहीत आहे. काय लोड केलंत?"

"काही नाही! डिस्प्लेवर शेठच्या मिलचं नाव गुजरातीत टाकलं. बाकी एक ओळ हलवली असेल तर आईशप्पथ!"

"मग ती फाइल बघू."

दीपकभाई शेठकडे बघायला लागला. शेठ म्हणाले, "जोवा दो एने. वांधो शुं छे?" बघू द्या हिला, हरकत काय आहे? हरकत काय आहे ते दीपकभाईला चांगलंच ठाऊक होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याला वाटलं असेल, एवढ्या फायलींत ही काय शोधणार. जेट तीन फायनल, जेट तीन फायनल दोन, खरंच फायनल, शेवटची फायनल, अशा एकोणीस होत्या. त्या माणसाने आयुष्यात एकही गोष्ट फेकलेली नाही. गायत्रीने नावं वाचलीच नाहीत. तारखा लावल्या, त्या बुधवारची अकरा वीसची उघडली, ओळी खाली सरकवत गेली आणि एका ओळीशी थांबली. तिला रेघा दिसल्या. तिला दिसल्या हे दीपकभाईला दिसलं.

मला वाटलं, आता ती ओरडणार. ती ओरडली नाही. ती शेठकडे वळून म्हणाली, "शेठ, मी तुम्हाला ओळी दाखवीन, हे म्हणतील त्या ओळीचा अर्थ वेगळा आहे. तुम्हाला ओळी वाचता येत नाहीत, पण मशीन वाचता येतं. दीपकभाई, बुधवारी लोड केलेली हीच ना?"

"...हीच."

"आणि ही बरोबर आहे?"

"शंभर टक्के," दीपकभाई म्हणाला. दुसरं म्हणायची सोय त्याने ठेवली नव्हती.

"मग हीच परत लोड करते. मशीन तापवू, आणि वाल्मिककाका उभे होते तिथे तुम्ही उभे राहा. बटण दाबा, हँडल फिरवा. लाल लागला की खोटे आम्ही. काका इथेच सही करतील."

मित्रांनो, मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ये, दीपकभाई, ये. चार वायरी माझ्या चार पिनांना लागल्या. तेवढ्यात चहा आला आणि दीपकभाई कपाकडे वळला. गायत्रीने लॅपटॉपच्या एका बटणावर दोनदा बोट टेकवलं. बिल्ड. लोड. मी रिकामा झालो, मग भरलो, मग पहिल्या ओळीपासून धावायला लागलो, खिटीच्या दाराशी आलो, आणि काय बघतो? दारवान जागेवर. ऐंशीच्या वर असेल तर इथूनच परत जा. तिने रेघा पुसल्या होत्या!

असा संताप आला मला! तीन आठवडे जपलेला सूड तिने दोन टिचक्यांत काढून घेतला. आता तो बटण दाबणार, मी लाल लावणार, तो हसणार, आणि वाल्मिक सही करणार. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. जे लोड केलं, ते मी करतो.

रामजीभाईंनी मशीनमध्ये वाफ सोडली. मशीन तापायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात दीपकभाईने तीनदा घड्याळ बघितलं आणि पाच वेळा रुमालाने मान पुसली. माझ्या डिस्प्लेवर साठ झाले, नव्वद झाले, एकशे बारा झाले.

"दाबा," गायत्री म्हणाली.

"माझं काम पॅनलचं. मशीन चालवायचं नाही."

"दाबो ने, दीपकभाई. सो टका छे ने?" शेठनी विचारलं. दाबा ना, शंभर टक्के आहे ना?

"हातमोजे नाहीत."

रामजीभाईंनी हातमोजे आणून दिले. दीपकभाईने एक घातला. दुसरा घालताना त्याची बोटं आत जाईनात.

"मला बीपी आहे, शेठ..."

तेव्हा वाल्मिक पुढे आला. इतका वेळ तो खांबाशी उभा होता. तो अहिराणीत बोलला, दीपकभाईच्या गावच्या भाषेत, जी दीपकभाई सुरतेत कोणाला कळू देत नाही.

"दीपकभाऊ, मी रोज दाबस. तुम्ही एकदाव दाबा ना."

दीपकभाईने बटणाकडे हात नेला. बोट वीतभर अंतरावर आलं आणि थांबलं. मी मोजत होतो: सहा सेकंद, सात, आठ. त्या बोटाच्या पुढे जगातलं सर्वांत सुरक्षित बटण होतं, मित्रांनो. त्याने ते दाबलं असतं तर तो सुटला असता. पण त्याला माहीत होतं की त्या ओळीपुढे काय आहे. ते त्यानेच लिहिलं होतं.

त्याने हातमोजा काढला.

"नका दाबायला लावू," तो म्हणाला. आवाज अगदी जळगावचा झाला होता. "दोन रेघा राहिल्या त्याच्यात. सेन्सर खराब होता म्हणून ओढल्या होत्या. काढायच्या राहिल्या."

"पहेले केम ना बोल्या?" शेठ म्हणाले. आधी का नाही बोललात?

रामजीभाईंनी हातातला अहवाल फाडला आणि तिथेच, ड्रमवर कागद ठेवून, नवा लिहायला घेतला. त्यात त्यांनी हेही लिहिलं की 'दिवा बघून चालव' असं ऑपरेटरला आपणच सांगितलं होतं. मग तो हिंदीत मोठ्याने वाचून दाखवला, वाल्मिकला कळावा म्हणून. चूक ऑपरेटरची नाही, हे वाक्य वाल्मिकने त्यांना दोनदा वाचायला लावलं. मग डाव्या हाताने सही केली.

सगळे शेठच्या केबिनकडे गेले. माझ्यापुढे गायत्री आणि वाल्मिक राहिले. मशीन अजून एकशे पाचावर होतं. गायत्रीने हात पुढे केला आणि बटण दाबलं.

"ए पोरी!" वाल्मिक किंचाळला.

लाल. खिटी हलली नाही.

"रेघा मी चहाच्या वेळीच पुसल्या होत्या, काका."

वाल्मिक असा हसला की पट्टीखालची कातडी ओढली गेली आणि हसता हसता कळवळला. "मग कशाला पुसल्या गं माय? भाजू द्यायचं होतं त्याला!"

हेच तर मीही विचारत होतो.

"भाजला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "दोन दिवस. आणि लोड तर मीच केलेलं असतं ना!"

मी तिला माफ केलं. एवढी एकच माफी माझ्या खात्यावर धरा.

आता शेवटचं. शेठनी हुकूम काढला: आठही जेटवर दीपकभाईचेच बोर्ड आहेत, तर आठांचे प्रोग्राम गायत्री पुन्हा लोड करेल आणि गरम मशीनवर पहिलं बटण दीपकभाई दाबेल. यापुढे या मिलमध्ये प्रोग्राम कोणाचाही असो, ज्याने विकला त्याचं पहिलं बोट. तुम्हीही मोठे होऊन अशा ओळी लिहाल, मित्रांनो. कोणी घाई करेल, कोणी म्हणेल उद्या बघू. तेव्हा बटणावर दुसऱ्याचं बोट आहे असं समजू नका, आपलं आहे असं समजा. आम्हाला तुमची दया नको, धूपदीप नको, दसऱ्याचं हळदकुंकूही नको, नाकात जातं. एवढं केलंत तरी खूप झालं.

ती बटणं दाबायचा दिवस रविवारचा होता. दीपकभाईने सात मशीनची सात बटणं दाबली. प्रत्येक वेळी आधी गायत्रीच्या तोंडाकडे बघायचा, आणि गायत्री पोळीचा घास चावत दुसरीकडे बघायची. रांगेत शेवटी मला ठेवलं होतं. मशीन एकशे अठरावर. त्याने डोळे मिटून दाबलं. लाल. तो जायला निघाला, तर रामजीभाई म्हणाले, "अभी कहाँ? हरा होने तक दबाओ. रोज का यही तरीका है."

मग तो उभा राहिला, वाल्मिक उभा राहायचा तिथेच, आणि दर दोन मिनिटांनी दाबत राहिला. मला घाई नव्हती. एक्याऐंशी झाले तेव्हाही मी नाही म्हणालो. एकोणचाळीस मिनिटं लागली ऐंशीच्या खाली यायला, आणि त्यातलं एकही मिनिट मी त्याला सोडलं नाही.

त्या शुक्रवारी माझ्यात काय लोड केलेलं होतं, ते दीपकभाईला अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.